आर्डुइनोच्या पिनला रिले थेट जोडता येतो का?

ठाण्यातील वागळे इस्टेट परिसरात नियंत्रक-बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांपासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत अनेकांकडून मी एक विधान वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे: आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक-बोर्डाची पिन ४० मिलिअँपिअर देते, चिपच्या आत संरक्षक डायोडही (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे घटक) असतात, तेव्हा रिले (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) थेट जोडला तरी चालतो. हे विधान दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे.

उनोवरील एटीमेगा३२८पी चिपच्या माहितीपत्रकात ४० मिलिअँपिअर हा आकडा कमाल सहनमर्यादेच्या तक्त्यात आहे. तो ओलांडल्यास चिपला कायमची इजा होऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ. नेहमीच्या छोट्या निळ्या ५ व्होल्ट रिलेची कॉइल (विद्युतचुंबकाचे वेटोळे) मात्र सुमारे ७० ओहमची असते, म्हणजे तिला ७० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. ‘माझा तर महिनाभर चालला’ हा पुरावा मी मानत नाही, कारण अतिभाराने दुखावलेली पिन बऱ्याचदा लगेच निकामी होत नाही.

डायोडबद्दलचा गैरसमज अधिक घातक आहे. आतले डायोड स्थिर विद्युतभारासारख्या क्षणिक आघातासाठी असतात. कॉइल बंद होताना तिच्यात साठलेली ऊर्जा जो उलटा व्होल्टेज उभा करते, तो वारंवार पचवणे त्यांचे काम नव्हे. म्हणून पिनपासून ४७० ओहमचा रेझिस्टर, पुढे कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा २एन२२२२ ट्रान्झिस्टर आणि कॉइलला समांतर, कॅथोड (डायोडचे पट्टी असलेले टोक) धन बाजूस ठेवून, १एन४००७ डायोड अशी जोडणी करावी. हा डायोड कॉइलच्या अगदी जवळ बसवावा; अन्यथा कॉइल बंद होतानाचा प्रवाह लांब तारांतून फिरतो आणि त्यांतून नॉइज शेजारच्या पिनपर्यंत पोहोचतो.