प्रवेशाचा मोबदला आणि विकासाची मदत: सेनेगलच्या किनाऱ्यावर येणारा दोन प्रकारचा पैसा

युरोपीय संघ अमुक देशाला शाश्वत मासेमारीसाठी अमुक लाख युरो देणार, अशी बातमी आली की ती रक्कम छोट्या मच्छीमारांच्या मदतीसाठी आहे, असे आपण सहज धरून चालतो. अशा बातम्यांमागे प्रत्यक्षात दोन वेगळे व्यवहार असू शकतात. एकात परदेशी जहाजांना किनारी देशाच्या समुद्रात मासेमारी करू देण्याच्या बदल्यात पैसे मोजले जातात. दुसऱ्यात त्या देशातल्या मच्छीमार वस्त्या, त्यांचा समुद्र आणि त्यांचा बाजार सावरण्यासाठी मदत दिली जाते. पैसे देणारा पुष्कळदा एकच असतो, घेणारे मंत्रालयही एकच असते आणि ‘भागीदारी’, ‘शाश्वत’ हे शब्द दोन्हीकडच्या कागदांवर सारखेच असतात, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या किनाऱ्यावर हे दोन्ही व्यवहार वर्षानुवर्षे शेजारी शेजारी चालत आले असल्यामुळे त्यांतला फरक तिथे स्पष्ट दिसतो.

पहिल्या व्यवहाराचे मूळ सागरी कायद्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या विशेष आर्थिक क्षेत्रातील मासळीवर किनारी देशाचा हक्क असतो. साठा टिकून राहील अशा बेताने किती मासळी काढता येईल हे त्या देशाने ठरवावे, त्यातली आपल्या मच्छीमारांना किती काढता येते ते पाहावे आणि उरलेली मासळी करार करून इतर देशांना काढू द्यावी, अशी त्या कराराच्या ६२व्या कलमाची मांडणी आहे. युरोपीय संघाने आफ्रिकी देशांशी केलेले मासेमारीचे करार या तरतुदीवर उभे आहेत. सुरुवातीच्या काळात ‘पैसे घ्या, मासे द्या’ असाच त्यांचा सरळ हिशेब होता. त्यावर बरीच टीका झाल्यानंतर, २०१३मध्ये युरोपच्या मत्स्यधोरणात जी सुधारणा झाली तिच्यात या करारांना ‘शाश्वत मत्स्यव्यवसाय भागीदारी करार’ असे नाव मिळाले, केवळ उरलेल्या मासळीवरच बोली करावी आणि तीही शास्त्रीय सल्ल्याने, असे बंधन आले आणि मोबदल्याचे दोन भाग एकमेकांपासून वेगळे केले गेले.

हे दोन भाग नीट पाहिले पाहिजेत, कारण गोंधळाची गाठ तिथेच आहे. सेनेगलशी झालेला अलीकडचा करार २०१९ ते २०२४ या काळातला होता. त्यात युरोपीय संघ वर्षाला १७ लाख युरो देत असे. त्यांपैकी ८ लाख युरो हा प्रवेशाचा मोबदला होता आणि ९ लाख युरो ‘क्षेत्रीय साहाय्य’ या नावाने, म्हणजे सेनेगलच्या मत्स्यव्यवसाय धोरणाला हातभार म्हणून, दिले जात. जहाजांचे मालक पकडलेल्या मासळीच्या वजनाप्रमाणे शुल्क भरत ते निराळेच. बदल्यात युरोपीय जहाजांना वर्षाला १०,००० टन टुना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, हे प्रमाण धरून मासेमारी करता येत होती आणि त्याशिवाय खोल पाण्यातला काळा हेक हा मासा १,७५० टनांपर्यंत काढता येत होता.

८ लाखांविषयी कोणाचा गैरसमज होण्याचे कारण नाही, ती किंमत आहे. ९ लाखांचे मात्र तसे नाही. समुद्रावरची देखरेख, मत्स्यसंशोधन, छोट्या मासेमारीला पाठबळ अशी त्यांची उद्दिष्टे वाचली की ती थेट विकास प्रकल्पाच्या अर्जातून उचलल्यासारखी वाटतात. दोन्ही बाजूंची संयुक्त समिती त्या पैशाचा वार्षिक आणि बहुवार्षिक कार्यक्रम ठरवते, कामे झाली की नाही ते तपासते आणि झाली नसतील तर पुढचा हप्ता रोखता येतो. हे सगळे चांगलेच आहे. पण ही रक्कम अस्तित्वात आली ती परदेशी जहाजांना समुद्र खुला झाला म्हणून आणि तिचे आयुष्य त्या कराराइतकेच असते. मे २०२४मध्ये युरोपीय संघाने बेकायदा मासेमारीवरील नियंत्रणात त्रुटी असल्याचे सांगून सेनेगलला ‘पिवळे कार्ड’, म्हणजे औपचारिक ताकीद, दाखवले, १७ नोव्हेंबर २०२४ रोजी कराराची मुदत संपली, ती पुढे वाढवली गेली नाही, आणि ८ लाखांबरोबर नव्या ९ लाखांचा प्रवाहही थांबला. त्या दिवशी सेनेगलच्या छोट्या मच्छीमारांची गरज काही कमी झालेली नव्हती. म्हणूनच माझ्या मते क्षेत्रीय साहाय्य हा किमतीचाच भाग समजावा, फक्त तो कशावर खर्च व्हावा हे आधी ठरलेले असते.

किंमत म्हटली की लूट, असा अर्थ मात्र काढू नये. सेनेगलचा मच्छीमार ‘पिरोग’ नावाच्या लांबट, रंगवलेल्या लाकडी होडीतून जी मासळी आणतो, तिच्यात मोठा वाटा सार्डिनेलाचा असतो. आपली तारली याच कुळातली. युरोपशी झालेल्या या करारात सार्डिनेला नव्हता, त्यामुळे तारलीसारख्या या माशाचा सेनेगलमधला तुटवडा थेट या कराराच्या माथी मारता येत नाही. शेजारच्या मॉरिटानियाची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथला २०२१चा करार वर्षाला ५ कोटी ७५ लाख युरोंचा, म्हणजे सेनेगलच्या तीसपटीहून मोठा. मॉरिटानियाने २०१२च्या वाटाघाटीत ऑक्टोपस स्वतःच्या मच्छीमारांसाठी राखून ठेवला, मोठ्या ट्रॉलरना किनाऱ्यापासून दूर, २० सागरी मैलांच्या पलीकडे ढकलले आणि या जहाजांनी पकडलेल्या छोट्या मासळीतला २ टक्के हिस्सा देशातल्या गरजू लोकांना वाटण्यासाठी द्यावा अशी अट घातली. छोट्या मच्छीमाराला यातून मिळालेला दिलासा खराखुरा होता, पण तो मिळाला तो विकणाऱ्याने सौदा नीट केला म्हणून. अशा कराराची पारख चांगल्या सौद्याच्या कसोट्यांवर करावी: किंमत रास्त आहे का, विकलेला माल खरोखरच उरलेला होता का आणि हिशेब उघड आहे का.

आता दुसरा पैसा. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, व्याख्येनुसार अधिकृत विकास साहाय्य म्हणवून घेण्यासाठी त्या पैशाचा मुख्य हेतू विकसनशील देशाचा आर्थिक विकास आणि तिथल्या लोकांचे कल्याण हाच असावा लागतो. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अशी मदत कशी दिसते, याची दोन उदाहरणे जवळून पाहण्यासारखी आहेत.

पहिले सेनेगलची राजधानी डाकारच्या दक्षिणेकडच्या न्गापारू या गावाचे. जागतिक बँकेच्या मदतीने २००५च्या सुमारास सेनेगलमध्ये सहव्यवस्थापनाचे, म्हणजे सरकार आणि मच्छीमार यांनी मिळून मासेमारी सांभाळण्याचे, काही प्रायोगिक तळ निवडले गेले, त्यांतले हे एक. पुढे २००९मध्ये मंजूर झालेल्या पश्चिम आफ्रिका प्रादेशिक मत्स्यव्यवसाय कार्यक्रमातून हे काम वाढवले गेले. गावच्या मच्छीमारांनी स्थानिक समिती स्थापन केली, आपल्या पाण्यासाठी नियम केले, कमी मापाचे शेवंड न पकडण्याचे ठरवले आणि समुद्रावर गस्त घालायला स्वतःच सुरुवात केली. महत्त्वाचे हे की, सरकारने समितीशी लेखी करार करून तिच्या नियमांना कायद्याचा आधार दिला, म्हणजे गस्तीवर गेलेला मच्छीमार केवळ गावचा माणूस न राहता अधिकार असलेला माणूस झाला. मदतीचा पैसा बैठका, प्रशिक्षण आणि गस्तीची साधने यांसाठी गेला, आणि गावाला त्यातून जे मिळाले ते म्हणजे आपल्या समुद्राबद्दल निर्णय घेण्याची सत्ता. याच प्रादेशिक कार्यक्रमात सामील झालेल्या लायबेरियाने किनाऱ्यालगतचे ६ सागरी मैलांचे पाणी छोट्या मच्छीमारांसाठी राखून ठेवले. आपल्याकडे रापणीवाले आणि छोटे गिलनेटवाले ज्या राखीव पट्ट्यासाठी आजही भांडत आहेत, त्याची किंमत कोकणी वाचकाला वेगळी सांगायला नको.

दुसरे उदाहरण कायारचे. डाकारच्या ईशान्येला असलेल्या या गावाने बाहेरच्या मदतीची वाट पाहिली नव्हती. १९९०च्या दशकापासूनच इथल्या मच्छीमारांनी प्रत्येक होडीने दिवसाला किती पेट्या मासळी उतरवायची यावर आपसांत मर्यादा घातली होती, जेणेकरून भाव पडू नये आणि समुद्रही ओरबाडला जाऊ नये. किनाऱ्यावर सार्डिनेला शिजवून, खारवून, वाळवून ‘केचाख’ तयार करणाऱ्या बायका हा या गावाच्या अर्थव्यवस्थेचा दुसरा खांब. वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या आपल्या कोळणींच्या कष्टांशी त्यांचे कष्ट सहज जुळतात. २०११ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेच्या पैशातून चाललेल्या ‘कॉमफिश’ प्रकल्पाने स्थानिक मत्स्य परिषदा बळकट केल्या, सार्डिनेलाच्या सामायिक व्यवस्थापनाची योजना मच्छीमारांना बरोबर घेऊन आखली आणि कायारच्या बायकांना स्वच्छ, आधुनिक प्रक्रिया केंद्र उभारून दिले. धूर कमी झाला, माल स्वच्छ झाला आणि चांगल्या बाजारात जाण्याची वाट मोकळी झाली.

मदतीची मर्यादाही याच गावात दिसते. गेल्या काही वर्षांत सेनेगल, मॉरिटानिया आणि गांबियाच्या किनाऱ्यांवर फिशमीलचे, म्हणजे मत्स्यचूर्णाचे, कारखाने उभे राहिले. एक किलो मत्स्यचूर्णासाठी चार ते पाच किलो ताजी मासळी लागते आणि ते चूर्ण परदेशातल्या मत्स्यशेतीला खाद्य म्हणून जाते. कायारमध्येही असा कारखाना आला आणि त्याविरुद्ध गावाने आंदोलन केले. बायकांचे म्हणणे साधे होते: कारखान्याला घाऊक भावाने सार्डिनेला उचलता येतो, मग आमच्या भट्ट्यांवर काय चढवायचे? मदतीने भट्टी सुधारली, पण भट्टीपर्यंत मासळी पोहोचेल की नाही हे ठरवणारे परवाने सरकारच्या वेगळ्याच टेबलावर मंजूर होत होते. मदतीच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना किती केंद्रे बांधली हे मोजले जाते. त्या केंद्रांना कच्चा माल कोणत्या धोरणामुळे मिळतो किंवा मिळत नाही, हे मोजणे मला अधिक निकडीचे वाटते.

या दोहोंच्या मधली काही उदाहरणेही आहेत. जपानने अनेक दशके आफ्रिकेत मासळी उतरवण्याची केंद्रे, बर्फाचे कारखाने आणि मासळीबाजार अनुदानातून बांधून दिले, कायारचे मासळी उतरवण्याचे केंद्रही त्यांतलेच. कागदावर ती निव्वळ मदत आहे आणि त्या इमारतींचा उपयोगही होतो. मात्र ज्यांच्याशी मासेमारीचे संबंध राखायचे आहेत अशा देशांना ही अनुदाने दिली जातात, अशी टीका त्यांच्यावर सतत होत आली आहे. अशा वेळी कराराच्या शीर्षकावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा, पैसा थांबला तर देणाऱ्याचे काय थांबेल, हा प्रश्न विचारणे उपयोगी ठरते. प्रवेशाच्या करारात त्याची जहाजे थांबतात. मदतीत त्याचे काही थांबत नाही, आणि म्हणूनच मदत अधिक निर्मळ असली तरी अधिक बेभरवशाची असते. २०२५मध्ये अमेरिकेने यूएसएड ही संस्थाच मोडीत काढली, तेव्हा जगभरातले तिचे प्रकल्प अर्ध्यावर बंद पडले आणि ते निर्णय घेताना कोणत्याही किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला कोणी विचारले नाही. प्रवेशाच्या कराराला निदान मुदत असते, संयुक्त समिती असते आणि आधीच ठरलेले हप्ते असतात.

भारताने हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. १९९१च्या खोल समुद्रातील मासेमारी धोरणाने परदेशी जहाजांना संयुक्त उपक्रमांच्या नावाने दार उघडले, तेव्हा केरळपासून महाराष्ट्रातल्या कोळीवाड्यांपर्यंतच्या मच्छीमार संघटनांनी देशव्यापी संप केले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली आणि तिने १९९६मध्ये हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. तिथे किमतीची घासाघीस झालीच नाही, विक्रीलाच विरोध झाला. सेनेगलसारख्या देशाला, ज्याच्या तिजोरीला परकीय चलनाची निकड आहे आणि जिथे मत्स्यव्यवसायावर सुमारे ६ लाख लोकांची उपजीविका अवलंबून असल्याचे सांगितले जाते, हा पर्याय तितका सोपा नसतो.

त्यामुळे तिथल्या छोट्या मच्छीमारांच्या संघटना दोन्ही पैशांकडे वेगवेगळ्या मागण्या घेऊन जातात. प्रवेशाच्या करारांबाबत त्यांना जहाजांच्या परवान्यांची यादी उघड हवी आहे, आणि सेनेगल सरकारने २०२४मध्ये अशी यादी प्रसिद्ध केली ही त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. क्षेत्रीय साहाय्याचा कार्यक्रम ठरवताना आपल्याला आधी विचारले जावे आणि खर्चाचा तपशील छापला जावा, असा त्यांचा आग्रह आहे. मदतीच्या प्रकल्पांकडून त्यांना हवे आहे ते न्गापारूसारखे कायद्याने मान्य केलेले अधिकार, कारण प्रकल्पाचे कार्यालय बंद झाल्यानंतरही गस्तीच्या होडीत बसलेल्या माणसाला कोणाला अडवता येईल आणि कोणाला नाही, हे त्या कागदावरच लिहिलेले असते.