पिरॅमिड गुलामांनी बांधले?

चाबकाचे फटके खात दगड ओढणारे हजारो गुलाम, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. ते बरंचसं सिनेमांनी बसवलं. उत्खनन वेगळं सांगतं.

1990 मध्ये गिझाच्या पिरॅमिडजवळ कामगारांच्या कबरी सापडल्या. राजाच्या स्मारकाशेजारी गुलामांना कोण पुरेल? सांगाड्यांत नीट बसवून जुळलेली हाडंही आहेत, म्हणजे उपचार होत होते. जवळच्या वसाहतीत पावाच्या भट्ट्या आणि गुराढोरांची ढीगभर हाडं मिळाली, म्हणजे खाणंपिणंही नीट होतं. 2013 मध्ये लाल समुद्राच्या काठी मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. त्याची तुकडी तुरा इथला चुनखडीचा दगड नावेनं गिझाला नेत असे.

राजांच्या कबरी कोरणाऱ्यांचं देर अल-मदिना हे गाव हजाराहून जास्त वर्षांनंतरचं, पण तिथला हजेरीपट वाचण्यासारखा आहे. गैरहजेरीची कारणं: विंचू चावला, डोळे आले, आईच्या मृतदेहाला कापड गुंडाळायचं होतं, बिअर गाळायची होती. (शेवटचं कारण आजच्या रजेच्या अर्जात चालणार नाही.) पुढे तिसरा रामसेस या राजाच्या कारकिर्दीच्या 29व्या वर्षी धान्याचा पगार थकला, तेव्हा याच गावानं काम बंद पाडलं. नोंदवलेला हा सर्वांत जुना संप मानतात.

म्हणून पिरॅमिड बांधणारे आजच्यासारखे नोकरदार होते असं मात्र नाही. त्यांच्यातले बरेचसे मजूर सक्तीच्या वेठीवर आलेले असावेत. राजीनामा देऊन घरी जायची सोय त्यांना नव्हती.