बोनस, कमिशन आणि चादरीवरची नक्षी

सोलापुरात ‘बोनस’ हा शब्द ऐकू येतो तो दिवाळीच्या तोंडावर. यंत्रमाग कामगारांच्या संघटना आणि कारखानदार यांच्यात किती टक्के द्यायचे यावरून ओढाताण होते, आणि तडजोडीचा आकडा ठरला की पूर्व भागातल्या बाजारपेठेला जाग येते. मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या कोट्यवधी रुपयांच्या रकमेलाही बोनसच म्हणतात. शब्द एकच असला तरी या दोन बोनसांची वंशावळ वेगळी आहे, आणि ज्याच्या नक्षीवर चादर खपते तो नक्षीकार या दोहोंपैकी एकाही वंशावळीत सापडत नाही. अधिकाऱ्यांचे बोनस सर्जनशील काम करणाऱ्यांच्या कमाईशी ताडून पाहिले तर न्याय्य ठरतात का, या प्रश्नाचा उगम चित्रपटसृष्टीत किंवा संगणक कंपन्यांत शोधण्याची रीत पडली आहे. प्रत्यक्षात तो आपल्याकडच्या कापड गिरण्यांत सापडतो.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे आजही गावाच्या बोलण्यात असलेली ‘जुनी मिल’, मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने १८७७ मध्ये सुरू झाली. त्या काळच्या बहुतेक गिरण्यांचा कारभार संचालक मंडळाच्या नव्हे, तर ‘मॅनेजिंग एजंट’ म्हणून नेमलेल्या पेढीच्या हाती असे. भांडवल उभे करणे, कापूस घेणे, यंत्रे मागवणे, माल विकणे हे सारे ही पेढी करी आणि त्याबद्दल कमिशन घेई. मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्यांत हे कमिशन निघणाऱ्या सुताच्या वजनावर, पौंडामागे पाव आणा अशा दराने, आकारले जात असे. गिरणीला नफा झाला की तोटा, याचा त्या पाव आण्याशी काही संबंध नव्हता. गोदामात माल पडून राहिला तरी सूत निघत होते तोवर कमिशनही निघत होते. भागधारकांनी याविरुद्ध तक्रारी केल्या, आणि हळूहळू विक्रीवरचे व नफ्यावरचे कमिशन रूढ होत गेले. १९३६ च्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने नव्या नेमणुकांसाठी एजंटांचा मोबदला निव्वळ नफ्याच्या ठरावीक टक्क्यांशी बांधला, परंतु नफा नसला किंवा अपुरा असला तर द्यावयाच्या किमान रकमेची तरतूदही त्याच कलमात ठेवली. नफा झाला तर वाटा आणि न झाला तरी काहीतरी, ही सोय आजच्या अधिकाऱ्यांच्या करारांत नव्या नावांनी वावरते, म्हणून ती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या पद्धतीचे टोक खुद्द सोलापूरने पाहिले. २७ ऑगस्ट १९४९ रोजी ही गिरणी बंद करण्यात आली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास या एका कंपनीसाठी वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांमुळे आवश्यक मालाच्या उत्पादनाला धक्का बसला व समाजातील एका वर्गात गंभीर बेकारी निर्माण झाली, असे त्याच्या प्रास्ताविकातच म्हटले होते. त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी खटल्यात १९५० मध्ये सरकारची बाजू टिकली, तर द्वारकादास श्रीनिवास खटल्यात १९५३ च्या डिसेंबरात ती कोसळली. कायद्याचे विद्यार्थी हे खटले मालमत्तेच्या मूलभूत हक्कासाठी वाचतात. सोलापूरकराने ते दुसऱ्या अंगाने वाचायला हरकत नाही: कारभाऱ्याच्या चुकीची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे, आणि ज्यांना नफ्यातला वाटा कधी मिळाला नव्हता त्यांनीच ती आधी मोजली, हे त्या प्रास्ताविकातल्या ‘बेकारी’ या शब्दातच नोंदलेले आहे.

कामगारांच्या बोनसची कथा याला समांतर चालते. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली आणि गिरण्यांचे नफे त्याहून वेगाने वाढले, तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी १९१७ मध्ये पगाराच्या १० टक्के ‘युद्ध बोनस’ सुरू केला व पुढच्या वर्षी तो १५ टक्क्यांवर नेला. मालकांच्या लेखी ही बक्षिसी होती. १९२३ साली ती थांबली आणि १९२४ च्या आरंभी मुंबईत दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, कामगारांना बोनस मागण्याचा कायदेशीर हक्क नाही, असा निष्कर्ष काढला. तो हक्क यायला आणखी पाव शतक जावे लागले. १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्याच वादात एक सूत्र ठरवून दिले: नफ्यातून आधी घसारा, प्राप्तिकर, यंत्रांच्या पुनर्स्थापनेची तरतूद, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा आणि खेळत्या भांडवलावर त्याहून कमी दराचा परतावा वजा करावा, व काही उरले तर त्यात कामगाराचा वाटा धरावा. म्हणजे ज्याच्या हातून कापड निघाले त्याची पाळी सर्वांत शेवटी येत होती.

तरीही या काळात बोनसमागचे तत्त्व अतिशय स्पष्टपणे मांडले गेले. म्युर मिल्सच्या १९५५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बोनस ही बक्षिसी नव्हे आणि मागे ठेवलेला पगारही नव्हे. जगण्यापुरत्या वेतनापेक्षा प्रत्यक्ष वेतन कमी पडत असेल आणि कामगारांच्या हातभाराने उद्योगाला नफा झाला असेल, तरच तो देय होतो. बोनसच्या प्रश्नासाठी नेमलेल्या मेहेर आयोगाच्या शिफारशींनंतर १९६५ मध्ये बोनस कायदा झाला. त्यातील किमान दर आधी ४ टक्के होता, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो ८.३३ टक्के झाला आणि कमाल मर्यादा २० टक्क्यांवर राहिली. २०१९ च्या वेतन संहितेनेही हेच दोन आकडे कायम ठेवले. कामगाराचा बोनस अशा रीतीने उणीव भरून काढण्यासाठी जन्मला आणि त्याला वरून झाकण बसवले गेले. अधिकाऱ्याचा बोनस पुऱ्या पगाराच्या वर दिला जातो आणि त्याचे समर्थन उणिवेने नव्हे, तर कर्तबगारीने केले जाते. एका शब्दाखाली इतकी उलट तत्त्वे नांदत असल्यामुळेच तुलनेच्या वादात दोन्ही बाजू एकमेकींना ओलांडून बोलतात, असे मला वाटते.

आता नक्षीकाराकडे येऊ. सोलापुरी चादरीचे रूप जकार्ड यंत्रणेवर उभे आहे. जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ येथे ती सिद्ध केली: नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवायची, प्रत्येक चौकट म्हणजे ताण्याचा एक धागा उचलायचा की नाही याचा निर्णय, आणि त्या निर्णयांनुसार पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडायची. हे काम आता संगणकावर होते, पण डोळा आणि हिशेब तोच लागतो. विणकराची मजुरी नगावर असते, त्यामुळे चादरी जास्त खपल्या तर निदान काम जास्त मिळते. नक्षीकाराला नक्षीमागे एकदाच ठरलेली रक्कम मिळते. ती नक्षी दहा वर्षे चालली तरी त्याच्या हाती नवे काही पडत नाही, आणि ती बाजारात पडली तर मात्र पुढचे काम त्याच्याकडे येत नाही. तोट्यातला वाटा त्याला आहे, नफ्यातला नाही. मॅनेजिंग एजंटाच्या सोयीची ही अगदी उलटी बाजू झाली.

कायद्यानेही त्याला फारसा आधार दिलेला नाही. १९६५ च्या बोनस कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत अंगमेहनतीचे, देखरेखीचे, व्यवस्थापकीय, प्रशासकीय, तांत्रिक आणि कारकुनी काम नोंदलेले होते. सर्जनशील काम त्या यादीत नावाने नव्हते, आणि नक्षीवर पैसे घेणारा स्वतंत्र कारागीर तर मुळात पगारदारच नव्हे. २००० च्या डिझाइन कायद्याप्रमाणे मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनचा मालक तो दुसराच ठरतो. नोंदणी केल्यास १० आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे त्याला हक्क मिळतो. नोंदणी केलीच नाही तर काय, याचे उत्तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे: नोंदणीस पात्र असलेले पण न नोंदलेले डिझाइन मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यांत्रिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक वस्तूंवर उतरवले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. यंत्रमागाच्या हिशेबाने पन्नास चादरी म्हणजे किती थोड्या, हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार आणि संगीतकार यांना सोडून देता न येणारा रॉयल्टीचा हक्क दिला. चित्र किंवा नक्षी काढणाऱ्यांना तो दिला नाही. २००५ साली सोलापुरी चादरीला मिळालेले भौगोलिक मानांकन गावाच्या नावाचे रक्षण करते, काढणाऱ्या हाताचे नव्हे.

इकडे कारभाऱ्यांच्या मोबदल्यावर १९५६ च्या कंपनी कायद्याने निव्वळ नफ्याच्या एकूण ११ टक्क्यांची मर्यादा घातली आणि ३ एप्रिल १९७० पासून मॅनेजिंग एजन्सीच रद्द झाली. २०१३ च्या कायद्यातही ११ टक्क्यांची रेषा आहे, मात्र भागधारकांच्या ठरावाने ती ओलांडता येते. अमेरिकेत १९९३ मध्ये, कामगिरीशी न जोडलेल्या दहा लाख डॉलरवरील पगाराला करवजावट नाकारण्यात आली. हेतू लगाम घालण्याचा होता, परिणाम असा झाला की मोबदला शेअरच्या पर्यायांकडे, म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याच्या हक्काकडे, वळला आणि फुगला. डिस्कव्हरी (पुढे वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी) या अमेरिकी माध्यम कंपनीचे प्रमुख डेव्हिड झॅस्लाव यांचा २०२१ चा मोबदला सुमारे २४.६ कोटी डॉलर दाखवला गेला, त्यातला बहुतांश शेअर पर्यायांचा होता. २०२३ मध्ये हॉलिवूडचे पटकथालेखक १४८ दिवस संपावर गेले, तेव्हा असे आकडे हातातल्या फलकांवर आले. लेखकांच्या प्रमुख मागण्यांपैकी एक होती पुनर्प्रदर्शनाच्या मानधनाची, म्हणजे काम पुन्हा पुन्हा कमावत असेल तर करणाऱ्याला पुन्हा काही मिळावे, ही.

भारतात सूचिबद्ध कंपन्यांना प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे, हे २०१३ च्या कायद्याच्या कलम १९७ नुसार जाहीर करावे लागते. सोलापुरातले बहुतेक यंत्रमाग कारखाने एकट्याच्या मालकीचे किंवा भागीदारीचे आहेत, त्यांना हे कलम लागू होत नाही. जिथे लागू होते तिथेही मध्यक काढताना हजेरीपटावरची माणसेच मोजली जातात, आणि नक्षीचे पैसे देताना ते खर्चाच्या वहीत सूत, रंग आणि वाहतूक यांच्या शेजारी मांडले जातात.