नेरूळच्या करंडकामागची वीस वर्षे

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा आपल्याकडे आला. जल्लोषाचा पहिला भर ओसरला तशी कर्णधार हरमनप्रीत कौर आणि सांगलीची स्मृती मानधना यांनी करंडक मैदानात हजर असलेल्या माजी वेगवान गोलंदाज झुलन गोस्वामीच्या हाती दिला. झुलनला रडू आवरेना. माजी कर्णधार अंजुम चोप्रा आणि मिताली राज याही तिथे होत्या, त्यांच्याही हाती तो गेला. पण अनेकांच्या मनात राहिली ती झुलनच. खेळणे थांबवून तिला तीन वर्षे झाली होती. तिचा या करंडकावर एवढा हक्क का, हे कळायला तिच्या कारकिर्दीच्याही थोडे मागे जावे लागते.

महिलांच्या राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धेची सुरुवात आपल्या पुण्यात झाली. १९७३ साली झालेल्या त्या स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. १९७६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी मालिका झाली. पुढची तीस वर्षे हा खेळ चालवला तो महिला क्रिकेट संघटनेने, अगदी तुटपुंज्या पैशांत. मुली रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातून प्रवास करत, मिळेल तिथे एकत्र मुक्काम करत. त्या काळात गोलंदाजीत नाव कमावले ते मुख्यतः फिरकीवाल्यांनी: डायना एडलजी, पुण्याची शुभांगी कुलकर्णी, पुढे नीतू डेव्हिड. मला वाटते, यामागे आवडीइतकाच परिस्थितीचाही वाटा होता. वेगवान गोलंदाजाला चांगले बूट लागतात, नीट आहार लागतो, दुखऱ्या पाठीकडे आणि घोट्याकडे पाहणारा फिजिओ लागतो, दोन सामन्यांमध्ये विश्रांती लागते. ज्या संघटनेकडे प्रवासखर्चाचीच ओढाताण होती, ती हे सगळे कुठून देणार?

अशा दिवसांत पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातल्या चाकदहा या गावची एक उंच मुलगी वेगवान गोलंदाज व्हायचे ठरवते. झुलनचा जन्म २५ नोव्हेंबर १९८२ चा. लहानपणी गावातली मुले तिला खेळायला घेत, पण चेंडू हळू पडतो म्हणून गोलंदाजी देत नसत. ती वेग वाढवायच्या मागे लागली ती तिथूनच. पुढे कोलकात्याच्या विवेकानंद पार्कात स्वपन साधू यांच्याकडे शिकायला जाण्यासाठी ती पहाटेची लोकल पकडायची. घरापासून कोलकाता साधारण ऐंशी किलोमीटर. गाडी चुकली की त्या दिवसाचा सराव गेला. कर्जत-कसाऱ्याहून रोज मुंबई गाठणाऱ्यांना त्या पहाटेची कल्पना सहज येईल.

२९ डिसेंबर १९९७ ला ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात विश्वचषकाची अंतिम लढत झाली. सीमारेषेबाहेर चेंडू अडवून परत फेकणाऱ्या मुलींमध्ये पंधरा वर्षांची झुलन होती. बेलिंडा क्लार्कच्या विजयी संघाने मैदानाला मारलेली फेरी तिने जवळून पाहिली आणि असा करंडक एकदा आपल्या हाती यावा, ही इच्छा मनात धरली. नेरूळला तिला रडू का कोसळले, याचे उत्तर इथे आहे.

जानेवारी २००२ मध्ये इंग्लंडविरुद्ध चेन्नईत तिचे पदार्पण झाले. उंची सहा फुटांच्या आसपास, हात सरळ कानाजवळून खाली येणारा, वेग ताशी १२० किलोमीटरच्या घरात. २००५ मध्ये भारत पहिल्यांदा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाकडून ९८ धावांनी हरला. पुढच्याच वर्षी टाँटनच्या कसोटीत झुलनने ७८ धावांत १० बळी घेतले, आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिली कसोटी मालिका जिंकली. त्याआधी लेस्टरला तिने फलंदाजीतही अर्धशतक केले होते. तेव्हा ती अवघी २३ वर्षांची होती.

आणि इथेच मला सर्वांत जास्त वाईट वाटते. टाँटननंतर काही महिन्यांतच महिलांचे क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आले. सोयी सुधारल्या, पण पुढची कसोटी खेळायला २०१४ उजाडले. त्या वर्षी दोन, मग थेट २०२१ मध्ये आणखी दोन. वीस वर्षांत बारा कसोट्या आणि ४४ बळी! कसोटीचा लाल चेंडू हाती असताना तिने काय केले असते, याचा हिशेब कोणीच मांडू शकणार नाही. ऐन विशीतली आणि तिशीच्या सुरुवातीची ती आठ वर्षे परत येणार नव्हती.

२००७ मध्ये ती आयसीसीची वर्षातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली. तिचा आधार होता तो एअर इंडियाच्या नोकरीचा. महिला खेळाडूंना मंडळाचे वार्षिक करार मिळाले ते २०१५ मध्ये, म्हणजे तिच्या पदार्पणानंतर तेरा वर्षांनी. तिच्याआधीची विक्रमवीर, ऑस्ट्रेलियाची कॅथरिन फिट्झपॅट्रिक, हिनेही कचरा उचलण्याचे आणि टपाल वाटण्याचे काम करत क्रिकेट खेळले. तिचा १८० एकदिवसीय बळींचा विक्रम झुलनने मे २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मोडला.

त्याच वर्षी विश्वचषक होता. उपांत्य सामना हरमनप्रीतच्या नाबाद १७१ धावांसाठी लक्षात राहिला, पण ऑस्ट्रेलियाची कर्णधार मेग लॅनिंगला शून्यावर त्रिफळाचीत करणारा झुलनचा चेंडूही तितकाच मोलाचा होता. २३ जुलैला लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात नव्या चेंडूची तिची जोडीदार होती गोव्यात वाढलेली, हवाई दलातली शिखा पांडे. इंग्लंड ३ बाद १४६ वर सुस्थितीत असताना झुलन परत आली. सारा टेलर यष्टीमागे झेल देऊन बाद. पुढच्याच चेंडूवर फ्रॅन विल्सन पायचीत. थोड्या वेळाने अर्धशतक केलेली नॅटली सिव्हरही पायचीत. १० षटके, ३ निर्धाव, २३ धावा, ३ बळी. २२९ च्या पाठलागात मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा केल्या, ३ बाद १९१ पर्यंत सामना आपला होता. मग २८ धावांत सात गडी गेले. नऊ धावांनी हार.

पाठ, घोटा, खांदा, गुडघा सांभाळत ती आणखी पाच वर्षे खेळली. सप्टेंबर २०२१ मध्ये मॅके इथे ऑस्ट्रेलियाची सलग २६ विजयांची मालिका खंडित झाली, तेव्हा तीन बळी तिचे होते आणि विजयी चौकारही तिचाच. २०२२ च्या विश्वचषकातला निर्णायक साखळी सामना मात्र दुखापतीमुळे हुकला, आणि भारत बाहेर पडला. २४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर ती अखेरची खेळली. नाणेफेकीला हरमनप्रीत तिला सोबत घेऊन गेली. २०४ एकदिवसीय सामने, २५५ बळी.

त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात मंडळाने पुरुष आणि महिलांचे सामन्याचे मानधन समान केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात स्मृतीवर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. ४ मार्चला लीगचा पहिला सामना झाला तो नेरूळच्या याच मैदानावर. झुलन तिथे होती, मुंबई इंडियन्सची गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून.