एएसपीएम आणि २०११ ची बॅटरी भानगड: थोडी पार्श्वभूमी

लिनक्स टाकलं की बॅटरी लवकर उतरते ही रड जुनीच आहे. पण मार्च २०११ मध्ये लिनक्सचा कर्नल (म्हणजे त्याचा गाभा) २.६.३८ आला आणि बऱ्याच लॅपटॉपवर फॅन जास्त फिरायला लागला, बॅटरी आधीपेक्षा लवकर संपायला लागली. बायसेक्ट करत करत, म्हणजे जुन्या-नव्या कर्नलमधले बदल अर्धे-अर्धे करून तपासत, लोक शेवटी पोचले ते पीसीआय एक्सप्रेसच्या एएसपीएमपाशी. पीसीआय एक्सप्रेस म्हणजे वायफाय, ग्राफिक्स वगैरे कार्डं प्रोसेसरला जोडणाऱ्या लिंक, आणि एएसपीएम (अॅक्टिव्ह स्टेट पॉवर मॅनेजमेंट) म्हणजे त्या लिंकची वीज वाचवायची सोय.

लिंकवर काही चालू नसलं की ती एल०एस (हलकी झोप) नाहीतर एल१ (गाढ झोप) मध्ये जाते, कल्पना एवढीच. त्रास असा की लिंकच्या दोन्ही टोकांची डिव्हाइस नीट वागावी लागतात आणि सुरुवातीची बरीच कार्डं वागायची नाहीत, त्यामुळे २००८ मध्ये एएसपीएमचा सपोर्ट कर्नलमध्ये आला तेव्हापासूनच पीसीआय एक्सप्रेसच्या १.१ स्पेकच्या (नियमावलीच्या) आधीच्या कार्डांवर तो बंद ठेवायची पद्धत पडली. ते ठीकच होतं.

खरा घोळ झाला तो एफएडीटी टेबलमधल्या एका बिटवरून. बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) ओएसला हार्डवेअरची माहिती एसीपीआय नावाच्या पद्धतीने देतो, त्यातलंच हे एक टेबल. बायोसने तो बिट लावला तर त्याचा अर्थ, या मशीनवर ओएसने एएसपीएम चालू करू नये. लॉगमध्ये ओळ यायची, ‘एसीपीआय एफएडीटी डिक्लेअर्स द सिस्टिम डझंट सपोर्ट पीसीआयई एएसपीएम’. आता हाच बायोस बूट होताना काही डिव्हाइसवर एएसपीएम स्वतःच चालू करून ठेवायचा, म्हणजे तोंडाने नाही म्हणायचं आणि हाताने करून मोकळं व्हायचं. आधीचा कर्नल अशा वेळी कशाला हात लावायचा नाही. मग काही मशीन अशीच अर्धवट चालू राहिलेल्या एएसपीएममुळे अडकतात म्हणून २.६.३८ मध्ये ठरलं की बायोस नाही म्हणतोय ना, मग त्याने चालू केलेलंही पुसून टाकायचं. कागदावर बिनचूक. पण ज्या लॅपटॉपवर बायोसचं ते सेटिंग व्यवस्थित चालत होतं त्यांची बचत यात फुकट गेली, आणि असे लॅपटॉप काही कमी नव्हते.

तोवर उपाय म्हणून एएसपीएम जबरदस्तीने चालू करणारा ‘पीसीआयई_एएसपीएम=फोर्स’ हा बूट पॅरामीटर सगळीकडे फिरत होता, ज्यांच्यावर चालला ते खूश आणि बाकीच्यांचं मशीन हँग. डीफॉल्ट म्हणून हे देताच येत नव्हतं.

शेवटी उत्तर स्पेकमध्ये सापडलं नाही, विंडोज काय करतं ते बघून सापडलं. बिट लावलेला असला तर विंडोज एएसपीएमला हातच लावत नाही, बायोसने जे ठेवलंय ते तसंच राहतं. बोर्ड बनवणारे टेस्ट करणार विंडोजवर, तेव्हा बिटचा अर्थही विंडोज लावेल तोच, हे कितीही खटकलं तरी माझ्या मते दुसरा शहाणा मार्ग नव्हता. कर्नल ३.३ साठी तो कोड त्याच धर्तीवर नव्याने लिहिला गेला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ३.२.५ मध्येही आणला. जवळपास वर्ष गेलं यात.

हे अजूनही पुरतं मिटलेलं नाही. आता तर एक लिंक जागी राहिली की सगळं प्रोसेसर पॅकेज खोल सी-स्टेटला (प्रोसेसरच्या गाढ झोपेला) जायचं थांबतं, म्हणजे नुकसान एका कार्डापुरतं राहत नाही. कर्नल ४.११ मध्ये एल१ सबस्टेटसाठी (एल१ च्याही खालच्या, जास्त वीज वाचवणाऱ्या अवस्थांसाठी) ‘पॉवरसुपरसेव्ह’ पॉलिसी आली, रिअलटेकच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एएसपीएम चालू-बंद चालू-बंद होत राहिलं, इंटेल व्हीएमडी या स्टोरेज कंट्रोलरच्या मागे बसलेल्या एनव्हीएमई ड्राइव्हवर (एसएसडीवर) तर उलटाच प्रकार, बायोस काही लावतच नाही म्हणून ड्रायव्हरनेच चालू करायचं. २०२५ मध्ये ६.१८ च्या वेळी डिव्हाइसट्री (हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) वापरणाऱ्या बोर्डांवर, जिथे बायोसचा भरवसा धरायचा प्रश्नच नाही, सगळ्या स्टेट डीफॉल्टने चालू करायचं ठरलं, पण सबस्टेटला क्लॉक-रिक्वेस्टची (क्लॉक सिग्नल मागायची) तार बोर्डवर जोडलेली लागते आणि ती आहे का नाही हे कर्नलला आपणहून कळत नाही, मग लगेच माघार घेऊन फक्त एल०एस आणि एल१ ठेवलं.