उंच क्रॉसिंग बांधण्याआधी पाण्याची वाट शोधा

शाळेच्या फाटकासमोरचं झेब्रा क्रॉसिंग फुटपाथाच्या उंचीला आणलं की गाड्यांचा वेग आपोआप उतरतो. काठी टेकत चालणाऱ्या आजींना पायरी उतरून पुन्हा चढावी लागत नाही. असे उंच पादचारी मार्ग कोकणातल्या प्रत्येक बाजारपेठेत हवेत. मात्र चालू रस्त्यावर त्याचं काम काढलं, की पावसाच्या पाण्यासाठी ते क्रॉसिंग नसतं, बांध असतो.

रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता असतो. भरपूर पावसाच्या भागात हा कॅम्बर साधारण अडीच टक्के ठेवतात, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनमध्ये जेमतेम ९ सेंटीमीटरचा उतार. सगळं पाणी कर्बला, म्हणजे फुटपाथाच्या उभ्या कडेला येतं आणि कर्बच्या कडेने पुढच्या वहाळाकडे (ओढ्याकडे) किंवा रस्त्याखालच्या मोरीकडे निघतं. १०० मिलिमीटर उंचीचं क्रॉसिंग या कर्बपासून त्या कर्बपर्यंत टाकलं, की नेमकी हीच वाट बंद होते.

किती पाणी अडतं, ते कागदावर पाच मिनिटांत कळतं. अर्धा रस्ता साडेतीन मीटर, त्यात फुटपाथ आणि दुकानांच्या पागोळ्यांचं पाणी मिळून पाच मीटर रुंदी धरू. वरच्या बाजूची १०० मीटर लांबी घेतली, तर क्षेत्र ५०० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर वेगाची सर आली आणि त्यातलं ९० टक्के पाणी वाहून आलं, तर सेकंदाला साडेबारा लिटर होतात. न्हाणीघरातली एक बादली दर सेकंदाला कोणीतरी ओतत राहावी, इतकं. इथे दिवसभराच्या पावसाचा आकडा कामाचा नाही. सरीचा जोर धरायचा, कारण गटार तुंबतं ते त्या पंधरा-वीस मिनिटांत.

रस्त्याचा लांबीतला उतार शंभरात एक, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर असेल, तर हे पाणी क्रॉसिंगच्या चढाच्या बाजूला १० मीटरपर्यंत मागे तुंबतं. उतार दोनशेत एक असेल तर २० मीटर. पहिल्या उदाहरणातलं डबकं सहा-साडेसहाशे लिटरचं, म्हणजे भरायला एक मिनिटही लागत नाही. कॅम्बरची उंची क्रॉसिंगपेक्षा कमी असल्यामुळे जादा पाणी मधला उंचवटा ओलांडून समोरच्या लेनमध्ये उतरतं. साचलेलं पाणी जुनं डांबर आणि नवा रॅम्प (क्रॉसिंगवर गाडी चढवणारी उतरती कड) यांच्या सांध्यात मुरतं. चाकाचा दाब बसला की तेच पाणी खडी सुटी करतं, आणि गणपतीपर्यंत रॅम्पच्या पायथ्याशी खड्डा तयार.

सर्वांत स्वस्त उपाय जागा निवडतानाच हाती असतो. क्रॉसिंग रस्त्याच्या लांबीतल्या उंचवट्यावर घेतलं तर पाणी दोन्हीकडे उतरून जातं. दहा-पंधरा मीटर सरकवून असा माथा मिळत असेल, तर तो घ्यावा. त्यासाठी कर्बच्या कडेने दोन्ही बाजूंना ३० मीटरपर्यंत दर पाच मीटरला लेव्हल घ्या. डम्पी (लेव्हल मोजायची दुर्बीण) नसेल तर गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळीही चालते.

माथा मिळाला नाही, तर रॅम्पच्या पायथ्याआधी, चढाच्या बाजूला, जाळीचं चेंबर द्यायचं आणि त्यातून पाणी कडेच्या गटारात सोडायचं. क्रॉसिंग खोलगट जागी असेल, तर दोन्ही बाजूंना. जाळी आजूबाजूच्या डांबरापेक्षा २०-२५ मिलिमीटर खाली बसवा, नाहीतर उताराचं पाणी तिच्यावरून सरळ निघून जातं. जाळी अर्धी बुजलेली आहे असं धरूनच आकार ठरवा. लाल माती, आंब्याचा पाला, नारळाच्या शेंड्या आणि पिशव्या पहिल्याच मोठ्या सरीत तिथे येऊन बसतात. म्हणून जाळीसोबत कर्बमध्येही उभं तोंड ठेवावं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असाव्यात, उभ्या पट्ट्यांत सायकलचं चाक अडकतं. आणि जाळी माणसांच्या चालण्याच्या वाटेत नको.

कडेला गटारच नसेल, तर पाणी क्रॉसिंगखालून न्यावं लागतं. इथे हमखास चूक होते ती १०० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकण्याची. दोनशेत एक उताराला तो भरून वाहिला तरी सेकंदाला चार-पाच लिटरच नेतो, आणि एकदा माती बसली की तो साफ करायचा कसा? त्याऐवजी ३०० मिलिमीटर रुंद, १५० खोल चौकोनी चर करा. त्याच उताराला तो ३५ लिटरच्या पुढे नेतो. अर्ध्यापर्यंत गाळ भरला तरी आपल्या साडेबारा लिटरला पुरतो. वर काढता येणारी झाकणं ठेवा, एका माणसाला पहारीने उचलता येतील एवढीच.

लेव्हलचा खरा पेच या चरातच आहे. क्रॉसिंगची उंची १०० मिलिमीटर, त्यात झाकण ४० चं, उरले ६०. म्हणजे १५० खोलीसाठी मूळ रस्त्यात ९० मिलिमीटर खाली जावं लागतं. ते पाणी पुन्हा वर आणायचं कुठे? रस्ता शंभरात एक आणि चर दोनशेत एक उतरत असेल, तर दर मीटरला पाच मिलिमीटर कमी होतात आणि चराचा तळ १८ मीटरवर रस्त्याला भेटतो. रस्ताच दोनशेत एक असेल तर तो कधीच भेटत नाही. अशा ठिकाणी गटाराला किंवा वहाळाला जोडण्यावाचून इलाज नाही. हे गणित आधी न केल्यानेच चर खालच्या तोंडाशी पाणी धरून बसतो आणि त्यात डास होतात.

क्रॉसिंगचा माथाही सपाट नको, दोन टक्के उतार हवा. नाहीतर वर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाणी राहतं, श्रावणापर्यंत शेवाळ धरतं आणि पाय घसरतो.

खाडीकाठच्या गावांत आणखी एक गोष्ट. गटाराचं तोंड उधाणाच्या भरतीच्या रेषेखाली असेल, तर अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला पाणी उलटं येतं. त्या तोंडावर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवा. झडपेत काडीकचरा अडकून ती अर्धवट उघडी राहिली, तर तिचा उपयोग नाही. साध्या लोखंडाची जाळी खाऱ्या हवेत लवकर गंजते. जस्ताचा मुलामा असलेली किंवा बिडाची घ्या.

डांबर टाकण्याआधी टँकरचं पाणी कर्बच्या कडेने सोडून बघा. कुठे थांबतं, कुठे फुटपाथावर चढतं, ते लगेच दिसतं, आणि तेव्हा ते दुरुस्त करणं सोपं असतं. पुढे आगोटीच्या कामांबरोबर मेच्या शेवटच्या आठवड्यात झाकणं उचलून चर उपसायचा, आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर पुन्हा एकदा, कारण वर्षभराची माती त्याच सरीत खाली येते.