एचआयव्ही, कायदा आणि नाव झाकण्याचा हक्क

नाशिकच्या सिव्हिलमध्ये एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या उपचाराची, गोळी आज फुकट मिळते. निफाडच्या द्राक्षबागेत कामाला आलेला मजूर असो की आडगावला ट्रक लावून आलेला ड्रायव्हर, एचआयव्ही निघाला की सीडी-4 (रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशींची संख्या) कितीही असो, उपचार सुरू करायचे, असा 2017 पासूनचा नियम आहे. इथवर येण्याची वाट मात्र कोर्टातून गेली. तिथला मोठा झगडा औषधाइतकाच नाव उघड होण्याचा होता.

1986 मध्ये चेन्नईत देशातले पहिले बाधित सापडले. तेव्हा औषध नव्हतंच, पण सरकारांना आधी सुचलं ते कोंडून ठेवणं. गोव्याने आरोग्य कायदा दुरुस्त करून तशी सोयच केली. 1989 मध्ये डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्या तरुणाला पोलिसांनी उचललं आणि बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस ठेवलं. आई मुंबई उच्च न्यायालयात गेली, तर कोर्टाने कायदाच उचलून धरला.

त्याच न्यायालयात 1997 मध्ये वेगळं घडलं. एका सरकारी कंपनीने तपासणीनंतर एका हंगामी कामगाराचं काम बंद केलं होतं. कामाला धडधाकट असलेल्या माणसाला निव्वळ एचआयव्हीवरून घरी बसवता येणार नाही, असा निकाल लागला. त्याहून दूरगामी गोष्ट म्हणजे, कामगाराने नाव न सांगता दाद मागितली आणि कोर्टाने ते चालवून घेतलं. निकालपत्रात तो फक्त ‘एमएक्स’ आहे. बदनामीच्या धास्तीने जे कोर्टाची पायरी चढत नव्हते, त्यांना त्यामुळे वाट मिळाली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बाधितांचा लग्नाचा हक्क स्थगित असल्याचं म्हटलं. ते मागे घ्यायला 2002 उजाडलं.

औषधाची बाजू पेटंट कायद्यामुळे सोपी झाली. 1970 च्या त्या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट, म्हणजे एकाच कंपनीची मक्तेदारी, नव्हतं, म्हणून सिप्ला या औषध कंपनीला 2001 मध्ये वर्षाचा डोस स्वयंसेवी संस्थांना 350 डॉलरला देऊ करता आला. 1 एप्रिल 2004 पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत सरकारी एआरटी सुरू झाली.

एचआयव्हीबद्दलचा सर्वंकष कायदा 2017 मध्ये संमत झाला आणि 10 सप्टेंबर 2018 ला लागू. मधल्या जवळपास दीड वर्षाच्या दिरंगाईला सबळ कारण मला तरी दिसत नाही. संमतीशिवाय तपासणी नाही, भेदभाव नाही, कोर्टात नाव झाकण्याची मुभा. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा, म्हणजे सातपूर-अंबडचे बरेच कारखाने त्यात आले. दवाखान्यांना ही अट वीस माणसांपासून लागते.

अडतं ते योजनांपाशी. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान एड्सग्रस्तांनाही आहे, पण दाखले जोडायला तलाठ्यापासून तहसीलपर्यंत फिरावं लागतं. पेठ-सुरगाण्याच्या गावात तलाठी कार्यालयात काय चाललंय हे लपून राहत नाही. एसटीच्या सवलतीचंही तेच: कार्ड दाखवायचं कंडक्टरला, आणि गाडीत निम्मे लोक ओळखीचे. एचआयव्हीची माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने ती जपावी, असं याच कायद्याचं कलम 11 सांगतं. ते एआरटी केंद्राच्या नोंदवहीला जितकं लागू आहे, तितकंच तहसीलच्या टेबलावरच्या फायलीलाही.